आत्महत्या रोखण्यासाठी शहराने नेमकं करायचं काय?

2012 साली दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये, हान नदीवरच्या मापो पुलावर एक प्रयोग झाला. माणूस कठड्याजवळून चालू लागला की सेन्सरमुळे दिवे लागायचे आणि कठड्यावरची वाक्यं उजळायची. 'कसं चाललंय?', 'जेवण झालं का?' अशी साधी, आपुलकीची वाक्यं. कल्पना कुणालाही भावेल अशीच होती आणि जाहिरातक्षेत्रातले मोठे पुरस्कारही तिला मिळाले. पण त्या पुलावरच्या प्रयत्नांचा नोंदलेला आकडा कमी होण्याऐवजी वाढला. गाजावाजामुळे पुलाला नको ती ओळख मिळाली, अशी टीका झाली. पुढे कठडे उंच करण्यात आले आणि 2019 मध्ये ती वाक्यं काढून टाकली गेली.

याच सोलने आणखी एक काम केलं होतं. मेट्रोच्या फलाटांच्या कडेला सरकते दरवाजे बसवले. गाडी आली की ते उघडतात, एरवी रुळांकडे जाता येत नाही. 2009 पर्यंत हे काम जवळपास सगळ्या स्थानकांवर पूर्ण झालं. नंतरच्या अभ्यासात मेट्रोच्या रुळांवरच्या आत्महत्या सुमारे 90 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. या दरवाज्यांवर कुणी भावूक चित्रफीत केली नाही.

मोठ्या शहरात आत्महत्या-प्रतिबंधाचा कार्यक्रम उभा करायचा म्हटलं की पहिल्या बैठकीत पोस्टर, पदयात्रा, एखादा सेलिब्रिटी आणि एक हेल्पलाइन एवढी यादी ठरून जाते. मला या गोष्टींचा राग नाही. पण गेल्या पाच-सहा दशकांच्या अनुभवातून जे खरोखर उपयोगी ठरलेलं दिसतं, ते बहुतेक वेळा फार रटाळ काम असतं. कठडा उंच करणं, केसपेपर जपून ठेवणं, डिस्चार्ज मिळालेल्या माणसाला ठरलेल्या दिवशी फोन करणं. त्याचा फोटो चांगला येत नाही, म्हणून त्याला पैसेही मिळत नाहीत.

'धोक्यातली माणसं' शोधून का सापडत नाहीत

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगभरात सुमारे 7 लाख 27 हजार लोकांचा आत्महत्येने मृत्यू झाला. 15 ते 29 या वयोगटात मृत्यूच्या कारणांमध्ये आत्महत्या तिसऱ्या क्रमांकावर आहे. एका मृत्यूमागे वीसहून अधिक प्रयत्न झालेले असतात, असंही ही संघटना सांगते.

हे आकडे ऐकले की मनात पहिला विचार येतो तो असा, की कुणाला धोका आहे ते आधीच ओळखूया आणि त्यांच्यावर लक्ष ठेवूया. विचार रास्त आहे, पण हिशोबात बसत नाही. समजा 10 लाख वस्तीचं शहर आहे आणि तिथे वर्षाला लाखामागे 12, म्हणजे एकूण 120 आत्महत्या होतात. आता एक फार चांगली प्रश्नावली आपल्या हाती आहे असं धरू. खऱ्या धोक्यातल्या 100 पैकी 80 जणांना ती ओळखते आणि धोका नसलेल्या 100 पैकी फक्त 10 जणांना चुकून यादीत टाकते. सगळ्या शहराने ती भरली, तर 120 पैकी 96 जण सापडतील, पण त्यांच्यासोबत सुमारे एक लाख इतर माणसंही यादीत येतील. म्हणजे प्रत्येक खऱ्या नावामागे हजाराहून जास्त चुकीची नावं. एवढ्या लोकांवर लक्ष कोण ठेवणार? आणि मुळात एवढी चांगली प्रश्नावली कुणाकडे नाही. 2017 मध्ये पन्नास वर्षांतल्या शेकडो अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा असं दिसलं की आत्महत्येचं भाकीत करण्याची आपली क्षमता नाणं उडवण्यापेक्षा थोडीशीच बरी आहे आणि या पन्नास वर्षांत ती सुधारलेली नाही. ब्रिटनच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनाही डॉक्टरांना हेच बजावतात, की गुणांक मोजून कुणाची आत्महत्या वर्तवू नका आणि त्या गुणांकावरून कुणाला उपचार द्यायचे तेही ठरवू नका.

मग शहराने करायचं काय? माणूस शोधत बसण्याऐवजी, अडचणीतला माणूस ज्या दारांतून आपोआप आत येतो त्या दारांशी काय होतं ते पाहायचं. तो दवाखान्यात येतो, पोलिसांकडे येतो, कर्जाची मुदत वाढवून मागायला येतो, शाळेत शिक्षकासमोर बसतो. तिथून तो निसटतो कुठे, हे शोधणं शक्य आहे आणि दुरुस्त करणंही शक्य आहे.

पहिलं दार: कॅज्युअल्टी

आत्महत्येचा आधी प्रयत्न झालेला असणं, हा पुढच्या धोक्याचा सगळ्यात ठळक इशारा मानला जातो. ही माणसं शोधावी लागत नाहीत. ती रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत येतात. तिथे जीव वाचवला जातो, पोलिसांची कागदपत्रं होतात, नातेवाईक घाबरलेले किंवा चिडलेले असतात, खाट रिकामी हवी असते. दोन-तीन दिवसांत डिस्चार्ज मिळतो. हातात एक चिठ्ठी, 'मानसोपचार ओपीडीत दाखवा'. ओपीडी दुसऱ्या इमारतीत, वार वेगळा, आणि सोबत येणाऱ्याला रजा नाही. बहुतेक गोष्टी इथेच संपतात. आणि घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडेच सर्वांत नाजूक असतात.

या फटीवर उपाय म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने पाच ठिकाणी एक प्रयोग केला. ब्राझीलमधलं कांपिनास, भारतातलं चेन्नई, श्रीलंकेतलं कोलंबो, इराणमधलं कराज आणि चीनमधलं युनचेंग. प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या 1,867 लोकांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार दिले. दुसऱ्या गटाला त्याशिवाय सुमारे तासभराचं एक सविस्तर बोलणं आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट. 2008 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दीड वर्षात नेहमीच्या उपचारांच्या गटात आत्महत्येने झालेल्या मृत्यूंचं प्रमाण 2.2 टक्के होतं, फोन-भेटीच्या गटात 0.2 टक्के. प्रत्येक शहरात एवढाच मोठा फरक पडेल, असं कुणी सांगू शकत नाही. पण या उपायाला ना महागडं यंत्र लागतं, ना दुर्मीळ औषध.

असा फोन कसा असतो, ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. फोन करणारी नर्स किंवा समुपदेशक शक्यतो तीच असते, जी रुग्णालयात खाटेशेजारी बसून बोललेली असते. डिस्चार्जच्या आधीच तिने विचारून घेतलेलं असतं, कोणत्या वेळी फोन केलेला चालेल, दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगायचं, आणि नंबर बंद लागला तर कुणाला विचारायचं. फोन लागल्यावर ती आधी स्वतःचं नाव सांगते आणि विचारते, 'आत्ता बोलता येईल ना?' दुसऱ्या कुणी उचलला तर कारण सांगत नाही, 'नंतर करते' म्हणते. मग झोप, गोळ्या, घरातलं वातावरण. आणि त्यानंतर सरळ प्रश्न: 'जीव द्यावा असं पुन्हा मनात आलं होतं का?' 'आता असलं काही करणार नाही ना?' असं ती विचारत नाही. कारण या प्रश्नाचं एकच उत्तर देता येतं आणि त्यातून काहीच कळत नाही. फोन ठेवण्याआधी पुढच्या फोनची तारीख ठरते. तीनदा फोन उचलला गेला नाही तर तो केसपेपर 'संपर्क नाही' असा शेरा मारून बंद होत नाही. कुणीतरी घरी जातं. कार्यक्रमाचा खरा कस या शेवटच्या ओळीत लागतो.

या फोनला जोड म्हणून एका पानाची 'सुरक्षा योजना' करतात. रुग्ण आणि समुपदेशक शेजारी बसून ती रुग्णाच्याच शब्दांत लिहितात. मन घसरायला लागलं हे मला कशावरून कळतं, एकट्याने काय केलं की लाट ओसरते, कुठे गेलं किंवा कुणासोबत बसलं की लक्ष दुसरीकडे जातं, मदत कुणाकडे मागायची, कोणत्या डॉक्टरला किंवा हेल्पलाइनला फोन करायचा, आणि घरातल्या धोक्याच्या वस्तू दूर कशा ठेवायच्या. एवढे सहाच भाग. अमेरिकेत इमर्जन्सी विभागांत ही योजना आणि नंतरचे फोन यांचा एकत्र वापर झाला, तेव्हा पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वर्तनाचं प्रमाण नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत सुमारे 45 टक्के कमी दिसलं. 2018 सालचा हा अभ्यास.

शहराच्या हातात पैसे थोडेच असतील आणि एकच काम निवडायचं असेल, तर मी डोळे झाकून हे निवडेन.

अडथळा आणि वेळ

'ज्याला करायचंच आहे तो दुसरा मार्ग शोधेल' हे वाक्य बैठकीत कुणीतरी म्हणतंच, आणि सगळे मान डोलावतात. पुरावा वेगळं सांगतो. ऑस्ट्रियातल्या एका अभ्यासात प्रयत्नातून वाचलेल्या लोकांना विचारलं, की त्या वेळी विचार मनात आल्यापासून कृतीपर्यंत किती वेळ गेला? जवळपास निम्म्यांचं उत्तर होतं, दहा मिनिटं किंवा त्याहून कमी. दुःख महिनोन्महिन्यांचं असेल, पण ती घडी छोटी असते. तेवढी निभावली की माणूस बहुधा वाचतो, आणि पुढेही वाचलेला राहतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावरून 1937 ते 1971 या काळात परत वळवलेल्या 515 लोकांचं पुढे काय झालं, याचा 1978 मध्ये शोध घेतला गेला. त्यातले सुमारे 94 टक्के लोक त्या वेळी जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणांनी गेले होते. हा शोध लागूनही त्या पुलाखालची जाळी पूर्ण व्हायला 2024 उजाडलं, ही गोष्ट वेगळी.

वॉशिंग्टनमध्ये तर नैसर्गिक प्रयोगच घडला. तिथे दोन पूल जवळजवळ आहेत. 1986 मध्ये एलिंग्टन पुलावर उंच जाळी बसवली. शेजारचा टॅफ्ट पूल तसाच राहिला. माणसं चार पावलं चालून शेजारच्या पुलावर जातील ही भीती होती, पण तिथला आकडा त्या प्रमाणात वाढला नाही. टोरंटोचा अनुभव जरा गुंतागुंतीचा आहे. तिथल्या एका पुलावर 2003 मध्ये अडथळा उभारला. सुरुवातीच्या वर्षांत शहराच्या एकूण आकड्यात फरक दिसला नाही आणि टीकाकारांना आयता मुद्दा मिळाला. दीर्घकाळाची आकडेवारी आली तेव्हा घट दिसली.

म्हणूनच अशा कार्यक्रमाच्या समितीत फक्त मानसोपचारतज्ज्ञ असून भागत नाही. पूल विभागाचा अभियंता, मेट्रोचा सुरक्षा अधिकारी, इमारतींना परवानगी देणारा अधिकारी आणि औषधविक्रेत्यांचा प्रतिनिधी हे सगळे टेबलाशी हवेत. ते पहिल्या बैठकीत 'आमचा काय संबंध' म्हणतील. त्यांना ठिकाणांची नोंद दाखवली की संबंध कळतो.

बातमीचा हात

व्हिएन्नाची मेट्रो 1978 मध्ये सुरू झाली. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला तिथल्या आत्महत्या एकदम वाढल्या आणि वर्तमानपत्रं त्या रंगवून छापू लागली. 1987 मध्ये तज्ज्ञांनी पत्रकारांसाठी काही साधे नियम केले. बातमी पहिल्या पानावर नको, मथळ्यात तो शब्द नको, पद्धतीचा तपशील नको, 'प्रेमभंगामुळे' यासारखं एका ओळीचं कारण नको. वर्तमानपत्रांनी ते मानले. मेट्रोतल्या आत्महत्या आणि प्रयत्न काही महिन्यांतच तीन-चतुर्थांशाहून अधिक घटले. त्याच देशातल्या 2010 च्या अभ्यासाने दुसरी बाजूही दाखवली. संकटातून जाऊन सावरलेल्या माणसांच्या गोष्टी छापल्या की त्यांचा उलट, संरक्षक परिणाम होऊ शकतो. शहरासाठी याचा अर्थ असा, की गुन्हेविषयक बातम्या देणाऱ्या पत्रकारांशी वर्षातून दोनदा तरी बसायचं, आणि पोलिसांच्या प्रेसनोटमधून पद्धत व चिठ्ठीचा मजकूर वगळायचा. व्हॉट्सॲपवरचे फोटो कसे थांबवायचे, याला मात्र सोपं उत्तर नाही.

प्रशिक्षण कुणाला द्यायचं

शिक्षक, पोलीस, धर्मगुरू, औषधविक्रेते यांना इशारे ओळखायला शिकवायचं, त्यांना 'गेटकीपर' म्हणायचं, ही कल्पना फार लोकप्रिय आहे. त्यातला एक भाग निर्विवाद उपयोगी आहे. थेट विचारल्याने डोक्यात विचार 'घातला जातो' ही भीती जाते. अनेक अभ्यासांनी ही भीती खोटी ठरवली आहे. विचारल्याने माणूस सहसा मोकळाच होतो.

पण याच्या पलीकडे अपेक्षा बेतानेच ठेवाव्यात. युरोपातल्या दहा देशांमधल्या 168 शाळा आणि 11,110 विद्यार्थी यांच्यावर झालेल्या अभ्यासात तीन उपाय ताडून पाहिले. शिक्षकांना प्रशिक्षण, मुलांची तपासणी करून निवडक मुलांना पुढे पाठवणं, आणि मुलांशीच मनःस्वास्थ्याबद्दल गप्पा, भूमिकानाट्यं, चर्चा. वर्षभरानंतर फरक पडला तो फक्त तिसऱ्या उपायाने. त्या गटात प्रयत्नांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. मुलं आधी एकमेकांशी बोलतात, शिक्षकाशी नंतर. मोठी माणसं हे विसरतात.

सगळं एकत्र करून पाहिलेलं शहर म्हणजे जर्मनीतलं न्यूरेनबर्ग. सुमारे पाच लाख वस्ती, 2001 आणि 2002 अशी दोन वर्षं. फॅमिली डॉक्टरांना नैराश्य ओळखण्याचं आणि उपचारांचं प्रशिक्षण, शहरभर माहिती मोहीम, गेटकीपरांचं प्रशिक्षण, आणि प्रयत्न केलेल्यांना व नातेवाइकांना थेट आधार, अशा चार पातळ्यांवर एकाच वेळी काम झालं. तुलनेला व्युर्झबर्ग शहर होतं. न्यूरेनबर्गमध्ये मृत्यू आणि प्रयत्न मिळून 24 टक्के घट झाली. पुढे हाच नमुना युरोपात पसरला, पण सगळीकडे तसेच निकाल आले नाहीत.

कर्ज, नोकरी, मारहाण

आत्महत्येला फक्त आजार म्हणून बघणारा कार्यक्रम शहरात अर्धाच राहतो. नैराश्यावर गोळी आहे, पण घरमालकाने काढलेल्या नोटिशीवर ती चालत नाही. जपानमध्ये 1998 पासून सलग अनेक वर्षं दरवर्षी तीस हजारांहून अधिक मृत्यू होत होते. 2006 मध्ये तिथे आत्महत्या-प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा झाला आणि ही समाजाची व सरकारची जबाबदारी ठरली. तोक्योतल्या आदाची वॉर्डाने त्यानंतर जे केलं ते मला विशेष वाटतं. कर्ज, रोजगार, कायदा आणि आरोग्य या सल्ल्याच्या खिडक्या त्यांनी एकमेकींना जोडल्या. माणूस एका खिडकीवरून दुसरीकडे पाठवताना त्याच्या संमतीने माहितीचा कागदही सोबत जातो, म्हणजे दर वेळी नव्या अनोळखी माणसासमोर सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही. थकलेल्या माणसाला चौथ्यांदा तीच कहाणी सांगायला लावणं म्हणजे 'येऊ नकोस' म्हणण्यासारखंच आहे.

हेल्पलाइनचंही तसंच. 1953 मध्ये लंडनमध्ये पहिली फोनसेवा सुरू झाली, तेव्हापासून ही कल्पना जगभर गेली. भारतात सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. हे वाचताना स्वतःबद्दल किंवा घरातल्या कुणाबद्दल काळजी वाटली असेल तर तो फोन आत्ताच करायला हरकत नाही. मात्र शहराने हेल्पलाइनच्या मागे काय आहे ते पाहायला हवं. फोन घेणाऱ्याला 'उद्या सकाळी दहाला अमुक दवाखान्यात या, तमुक डॉक्टर थांबतील' असं सांगता येत नसेल, तर ती सेवा धीर देते आणि तिथेच थांबते.

यश मोजायचं कसं

इथे बरेच कार्यक्रम स्वतःची फसवणूक करतात. 120 मृत्यूंच्या शहरात पुढच्या वर्षी 100 झाले की सत्कार होतो. पण 120 च्या आसपासचा आकडा काहीही न करता, निव्वळ योगायोगाने, वर्षागणिक सुमारे 98 ते 142 च्या दरम्यान हलू शकतो. एक लाखाच्या वॉर्डात 12 वरून 7 किंवा 18 होणं हेसुद्धा योगायोगात बसतं. न्यूरेनबर्गमध्येही फक्त मृत्यूंचा आकडा घेतला तर फरक ठामपणे सिद्ध होत नव्हता. प्रयत्न धरले तेव्हा चित्र स्पष्ट झालं. म्हणून मृत्यूंची नोंद तीन ते पाच वर्षांच्या सरासरीने बघायची आणि दर महिन्याला मोजायच्या त्या वेगळ्याच गोष्टी. प्रयत्नानंतर आलेल्या किती जणांची सुरक्षा योजना लिहिली गेली, किती जणांना आठवड्याच्या आत फोन गेला, किती जण ओपीडीत पोचले.

त्यासाठी रुग्णालयांची एकसारखी नोंदवही लागते. 'अपघात' म्हणून नोंदवलेल्या प्रयत्नांची संख्या ऐकून पहिल्या वर्षी सगळे दचकतात, कारण नीट मोजायला लागलं की आकडा आधी वाढतो. हे राजकीय नेतृत्वाला आधीच सांगून ठेवावं, नाहीतर कार्यक्रमच गुंडाळला जातो.

आणि टिकण्याचा प्रश्न. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर 1983-84 मध्ये सगळ्या फॅमिली डॉक्टरांना नैराश्याचं प्रशिक्षण दिलं. आत्महत्या कमी झाल्या. काही वर्षांत प्रशिक्षित डॉक्टरांपैकी बरेच जण बेट सोडून गेले, आणि परिणामही ओसरला. मोठ्या शहरात बदल्या याहून वेगाने होतात. म्हणून पहिल्या वर्षी सगळ्या शहराला हात घालू नये. दोन-तीन मोठी रुग्णालयं घ्यावीत, एक नोंदवही करावी, फोन आणि भेटींसाठी पूर्णवेळ माणसं नेमावीत. बाकी सगळं सांभाळून उरलेल्या वेळात हे काम करणारी माणसं नकोत. त्यांची पदं प्रकल्पाच्या निधीतून न काढता शहराच्या नियमित अंदाजपत्रकात घालावीत, म्हणजे निधी संपला तरी फोन जात राहतात. दरम्यान धोक्याच्या ठिकाणांची यादी अभियंत्यांकडे द्यावी. पोस्टरचा विषय दुसऱ्या वर्षीच्या बैठकीत घेतला तरी चालेल.